आडनाव मेकॉले, गाव कुठलं?

मेकॉले म्हटलं की आपल्याकडे एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. १८३५ चं ते टिपण लिहिणारा आणि आजही शिक्षणावरच्या प्रत्येक भाषणात शिव्या खाणारा थॉमस बॅबिंग्टन मेकॉले. याच नावाचा, मधल्या बॅबिंग्टनसकट, आणखी एक माणूस होऊन गेला आणि गंमत म्हणजे तोही शिक्षणाच्याच धंद्यात होता. १८५९ साली लागोसमध्ये अवघी सहा मुलं घेऊन त्याने मिशनची माध्यमिक शाळा सुरू केली. नायजेरियातली ती पहिली. हा मेकॉले काळा होता, पाद्री होता आणि घरात योरुबा ही तिकडची भाषा बोलायचा.

त्याचा मुलगा हर्बर्ट मेकॉले. पेशाने स्थापत्य अभियंता आणि जमीन मोजणारा सर्व्हेयर, स्वभावाने भांडखोर, मिशा पीळदार. १९२३ मध्ये त्याने नायजेरियातला पहिला राजकीय पक्ष काढला. त्याला तिकडे राष्ट्रीय चळवळीचा जनक म्हणतात आणि एक नायराच्या नाण्यावर त्याचा चेहरा आहे. आपल्याकडे ज्या आडनावाने गुलामीची आठवण होते, तेच आडनाव तिथे स्वातंत्र्याच्या नाण्यावर बसलं आहे.

तर प्रकरण असं: या मेकॉले घराण्याचं मूळ गाव कुठलं?

आपल्याकडे हा प्रश्न सोपा वाटतो. आडनावाला 'कर' असलं की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. नसलं तर कुलदैवत विचारायचं, देवक विचारायचं, तेही नाही जमलं तर त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांकडे जाऊन वही काढायला लावायची. आमच्या घराण्याचं पान मी असंच एकदा पाहिलं आहे. लांबट लाल वही, मोडीतली अक्षरं, आणि आजोबांच्या आजोबांनी इथे येऊन केलेल्या श्राद्धाची दोन ओळींची नोंद. तीर्थोपाध्याय बोट ठेवून वाचत होते आणि मला मात्र त्यातलं एकच नाव कळलं. पण वही होती, ही गोष्ट मोठी. लागोसच्या मेकॉल्यांकडेही एक वही आहे. ती इंग्रज कारकुनांनी लिहिली आहे, आणि तिच्यात गाव नाही.

आडनाव आलं कुठून

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणून हे सगळं झालं. पहिली समुद्रावरची. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आरमाराची गस्त सुरू केली. पकडलेली जहाजं सिएरा लिओनच्या फ्रीटाउन बंदरात आणायची, तिथल्या न्यायालयापुढे उभी करायची आणि आतल्या माणसांना मोकळं करून तिथेच उतरवायचं, अशी ती पद्धत. दुसरी गोष्ट जमिनीवरची. आजच्या नायजेरियातलं ओयो नावाचं बलाढ्य राज्य याच सुमारास आतून फुटलं. इलोरीनचा सेनापती आफोंजा बंड करून उठला, त्याने मदतीला घेतलेल्या फुलानी लोकांनी पुढे त्यालाच संपवलं, आणि मग गावामागून गाव जळत गेलं. पराभूत गावची माणसं बाजारात यायची. बाजाराचं तोंड समुद्राकडे होतं.

म्हणजे पकडून विकली जाणारी माणसं सर्वांत जास्त ज्या मुलखातून येत होती, तो मुलूख आणि गस्त घालणारी जहाजं यांची गाठ नेमकी त्याच तीस-चाळीस वर्षांत पडली. १८४८ च्या गणतीत फ्रीटाउनकडे राहणाऱ्या सुटलेल्या लोकांपैकी अर्ध्याहून अधिक माणसं आज ज्यांना योरुबा म्हणतात त्यांतली होती.

उतरवलेल्या माणसाचं पुढे काय व्हायचं? आधी नोंदवहीत नाव, मग फ्रीटाउनच्या आसपास वसवलेल्या एखाद्या गावात पाठवणी. त्या गावांची नावं वाटर्लू, हेस्टिंग्ज, रीजंट, किसी अशी. मुलं मिशनच्या शाळेत किंवा कुणाकडे तरी उमेदवार म्हणून. बाप्तिस्मा झाला की नवं नाव. ते कुणाचं? कधी पाद्र्याचं, कधी गव्हर्नरचं, कधी विलायतेत बसून वर्गणी पाठवणाऱ्या एखाद्या देणगीदाराचं. झॅकरी मेकॉले, म्हणजे आपल्या त्या मेकॉलेचे वडील, १७९० च्या दशकात सिएरा लिओनचे गव्हर्नर होते. त्यांचा नातलग केनेथ मेकॉले १८२० च्या दशकात तिथला बडा व्यापारी आणि काही काळ कारभारी होता. फ्रीटाउनमध्ये मेकॉले हे नाव त्यामुळे हवेतच होतं. आकू लोकांनी, म्हणजे तिथल्या योरुबांनी, आपला एक 'राजा' निवडला होता, त्याचंही नाव जॉन मेकॉले. या मेकॉल्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं आहे असं समजणं म्हणजे पुण्यातल्या सगळ्या जोशींना भाऊबंद समजण्यापलीकडचं झालं.

नाव कुठूनही चिकटू शकायचं, याचं सगळ्यांत टोकाचं उदाहरण सारा फोर्ब्स बोनेटा हिचं. १८४८ च्या सुमारास शेजारच्या डाहोमी राज्याच्या सैन्याने तिचं गाव लुटलं. १८५० मध्ये डाहोमीच्या राजाने ती पोर फोर्ब्स नावाच्या ब्रिटिश कप्तानाला 'भेट' दिली. फोर्ब्स हे त्याचं नाव, आणि बोनेटा हे त्याच्या जहाजाचं! पुढे व्हिक्टोरिया राणीने तिला मानसकन्या केलं आणि १८६२ मध्ये तिचं लग्न लागोसच्या एका धनाढ्य साऱो व्यापाऱ्याशी झालं. मेकॉलेची शाळा सुरू करायला पैसे देणारा तोच.

सिएरा लिओनहून परतलेल्या या लोकांना लागोसमध्ये साऱो म्हणतात. 'सिएरा लिओन' हेच शब्द स्थानिक जिभेवर घासून घासून साऱो झाले.

चार आजी-आजोबा

आडनावाची वाट बंद झाली, म्हणून हर्बर्टपासून मागे जाऊ. त्याचा जन्म १४ नोव्हेंबर १८६४, लागोस. वडिलांचे आईवडील: ओजो ओरियारे आणि किलांगबे. आईचे आईवडील: अजायी आणि असानो. चौघेही पकडले गेलेले, चौघेही सिएरा लिओनला उतरलेले. घराण्यात सांगितलं जातं ते असं की ओजो हा इकिरुन गावातल्या ओरे आगांजू भागातला आणि किलांगबे इले-ओग्बोची. दोन्ही गावं आजच्या ओशुन राज्यात आहेत. अजायी ओशोगूनचा. असानोची हकिगत मात्र जहाजापासून सुरू होते. अजायी ज्या पोर्तुगीज जहाजावर होता त्यावरच तीही होती, पुढे सुसान झाली आणि त्याच्याशी लग्न केलं.

चार माणसं, तीन गावं. यांतलं सगळ्यांत भक्कम आहे अजायीचं, कारण त्याने ते स्वतः लिहून ठेवलं. हा अजायी म्हणजे सॅम्युएल अजायी क्राउथर. फ्रीटाउनच्या फुरा बे कॉलेजचा अगदी पहिल्या तुकडीतला विद्यार्थी, योरुबा शब्दकोशाचा कर्ता, योरुबा बायबलचा प्रमुख अनुवादक, आणि १८६४ मध्ये कँटरबरीला अँग्लिकन बिशप झालेला पहिला आफ्रिकी माणूस. क्राउथर हे नावही उसनंच, लंडनच्या एका पाद्र्याचं.

१८३७ मध्ये, फुरा बेला मास्तर असताना, त्याने चर्च मिशनरी सोसायटीच्या चिटणीसाला एक लांबलचक पत्र लिहिलं. ते आजही वाचायला मिळतं. १८२१ च्या सुरुवातीची एक सकाळ. घरात न्याहारीची तयारी चाललेली, कुणाच्या मनात काही नाही. तेवढ्यात आरोळी उठली की शत्रू आला. बाप धावत घरी आला, पळा म्हणाला आणि लढायला गेला. मुलाने त्याला पुन्हा पाहिलं नाही. आई, दोन बहिणी (एक दहा महिन्यांची), एक भावंड आणि हा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा झाडीकडे निघाले, पण गाव वेढलेलं होतं. मागून दोरीचे फास गळ्यात पडले आणि शेळ्या बांधाव्यात तशी माणसं एकमेकांना बांधून पुढे चालवली.

मग इसेयीन हे गाव. तिथे आई वेगळी पडली. चोवीस तासांच्या आत त्याने तीन मालक पाहिले. पुढे एका घोड्याच्या बदल्यात त्याला देऊन टाकलं, पण घेणाऱ्याला घोडा काही पसंत पडला नाही, म्हणून घोडा परत गेला आणि पोरगाही परत आला. हे वाक्य त्याने कसलाही त्रागा न करता लिहिलं आहे, हिशेबाच्या वहीत जमा-खर्च मांडावा तसं. नंतर दारू आणि तंबाखूच्या मोबदल्यात विक्री. वाटेत एकदा कमरेच्या पट्ट्याने गळफास लावून घ्यायचं त्याने ठरवलं होतं, हात धजावला नाही. शेवटी लागोस, तिथून एस्पेरांसा फेलिक्स हे पोर्तुगीज जहाज, आत १८७ माणसं. त्याच संध्याकाळी, ७ एप्रिल १८२२ ला, ब्रिटिश युद्धनौकांनी ते पकडलं. सुटकेचं कुणाला काही कळलं नाही. डेकवर टांगलेला डुकराचा पांढरा तुकडा पोरांना माणसाचं मांस वाटला आणि रचून ठेवलेले तोफगोळे माणसांची मुंडकी!

पकडणाऱ्या मर्मिडन जहाजाचा कप्तान लीक. बेचाळीस वर्षांनी कँटरबरीच्या त्या समारंभाला तोच लीक, आता ॲडमिरल होऊन, हजर होता.

आता या पत्रातली माझ्या कामाची ओळ. आपल्या गावाचं नाव त्याने लिहिलं आहे 'ओचोगू'. ओशोगून नाही. कारण योरुबा लिहायची कसली रीतच तोवर ठरलेली नव्हती. ती ठरवण्यात पुढे याच माणसाचा हात लागणार होता. ज्याने भाषेला लिपी बसवली, त्याच्याच गावाचं नाव आधी असं अडखळत कागदावर आलं. शीवचं सायन आणि खडकीचं किरकी होताना आपण पाहिलं आहे, पण तिथे गाव जागेवर होतं. नाव चुकलं तरी पत्ता चुकत नव्हता. ओशोगून जळून गेलं होतं. आज त्या नावाची वस्ती ओयो राज्यात इसेयीनजवळ आहे आणि क्राउथरचं गाव म्हणून दाखवली जाते. पत्रातला इसेयीनपर्यंतचा पायी प्रवास नसता तर नुसत्या 'ओचोगू'वरून तिथवर पोचणं अवघड होतं.

वहीत काय आहे

फ्रीटाउनची नोंदवही १८०८ पासूनची. अनुक्रमांक, नाव, पुरुष की बाई, अंदाजे वय, उंची फूट-इंचांत, अंगावरच्या खुणा. हवानामधल्या अशाच नोंदी धरून नव्वद हजारांहून अधिक नावं आज संशोधकांनी एकत्र करून ठेवली आहेत आणि ती त्या त्या भाषेच्या लोकांकडून मोठ्याने वाचून घेतात. मॉरिशसच्या मराठी लोकांना हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथे मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदी आहेत आणि त्यांवरून कुणी कुणी रत्नागिरीतल्या आपल्या गावापर्यंत जाऊन पोचतं. पण गिरमिटियाच्या कागदावर जिल्हा, गाव, जात लिहिण्याचा रकाना होता, कारण तो करारावर आला होता. जहाजाच्या पोटातून काढलेल्या माणसाला गाव विचारायला दुभाषा हवा, सवड हवी, आणि विचारायची गरज वाटायला हवी. कारकुनाला मोजणी हवी होती.

वहीतलं नावही फसवं. योरुबांमध्ये काही नावं मूल स्वर्गातूनच घेऊन येतं असं मानतात. पालथं जन्मलं तर अजायी. नाळ गळ्याभोवती गुंडाळून आला तर मुलगा ओजो, मुलगी आयना. सारा बोनेटाचं मूळ नाव आयना होतं. म्हणजे हर्बर्टच्या दोन्ही आजोबांच्या नावांतून आपल्याला कळतं ते एवढंच की सुईणीच्या हातात ते कसे आले. ओयो, एग्बा, इजेशा, इजेबू, योरुबांच्या कुठल्याही गटात ओजो सापडेल. 'ओजो, वय अमुक' अशी नोंद सापडली तर ती या ओजोचीच कशावरून?

खुणांनी थोडं भागतं. गालांवरच्या चिरांची गावागावांची, घराण्याघराण्यांची वेगळी धाटणी होती. आबाजा म्हणजे ओयोकडचा, केके वेगळी, पेले वेगळी. जाणत्या माणसाला पाहताक्षणी मुलूख कळायचा. पण या खुणा पोराला जात नाहीत. फ्रीटाउनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या गालावर चिरा नव्हत्या, एका पिढीत पुरावा संपला. थॉमस बॅबिंग्टन मेकॉले १८२६ मध्ये किसी गावात जन्मला, त्याच्या बाबतीत हेच.

आणि तरीही ओजोच्या घरात इकिरुन हे नाव टिकलं, किलांगबेच्या इले-ओग्बोसकट. कारण फ्रीटाउनमध्ये ही माणसं गावाप्रमाणे, मुलखाप्रमाणे एकत्र राहायची, आपापली मंडळं चालवायची, मयताला आणि अडीअडचणीला वर्गणी काढायची. मुंबईत गिरणगावातल्या खोल्यांमध्ये गावकीची मंडळं असायची, तसंच. गावाचं नाव कागदात नव्हतं, ते मंडळाच्या बैठकीत उच्चारलं जायचं.

योरुबा हे नाव

एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, ती न घेतल्यामुळे आजही बरेच वंशशोधक भरकटतात. या चौघांपैकी कुणीही घर सोडताना योरुबा नव्हतं. हा शब्द मुळात उत्तरेकडच्या हौसा लोकांचा, ओयोवाल्यांसाठीचा. बाकीचे स्वतःला एग्बा म्हणत, इजेशा म्हणत, इजेबू म्हणत, आणि एकमेकांशी लढत. फ्रीटाउनमध्ये सगळ्यांना मिळून आकू म्हणू लागले, कारण त्यांचे भेटल्यावरचे सगळे अभिवादनाचे शब्द 'एकू'ने सुरू व्हायचे. ब्राझीलमध्ये ते नागो झाले, क्यूबात लुकुमी. क्राउथर आणि त्याच्या मिशनने १८४३ च्या शब्दकोशापासून 'योरुबा' हा शब्द सगळ्यांवर घातला. कोएल्ले नावाचा जर्मन मिशनरी फ्रीटाउनमधल्या सुटलेल्या लोकांना एकेक गाठून शंभराहून अधिक भाषांचे शब्द जमवत होता. त्याने १८५४ मध्ये आक्षेप घेतला की एका जमातीचं नाव साऱ्या राष्ट्राला देणं चूक आहे. त्याने आपल्या ग्रंथात एग्बा, इजेशा, इजेबू, इफे, ओंडो अशा बोली वेगवेगळ्या मांडल्या. माझ्या मते मूळ शोधणाऱ्याला कोएल्लेचे तक्ते क्राउथरच्या कोशापेक्षा जास्त उपयोगी आहेत. अर्थात जिंकला क्राउथर.

म्हणून डीएनए चाचणीत 'नायजेरिया' किंवा 'योरुबा' असं आलं की लोक हरखतात तेव्हा मला जरा हसू येतं. लाळेच्या थेंबाला इकिरुन आणि इले-ओग्बो यांतला फरक कळत नाही.

दुसऱ्या वाटेने आलेले

ब्राझीलहून परतलेल्यांची गोष्ट वेगळी आणि तिथे आडनावाचा गुंता जास्त कडू. त्यांना आगुदा म्हणतात. जानेवारी १८३५ मध्ये साल्वादोर शहरात मुख्यतः मुसलमान नागो गुलामांनी उठाव केला, तो चिरडला गेला, पुष्कळांना हद्दपार केलं आणि पुढची कित्येक वर्षं स्वतःला विकत घेऊन सुटलेली माणसं समुद्र ओलांडून परत येत राहिली. दा सिल्वा, परेरा, कार्दोसो, दा रोशा ही त्यांची आडनावं. अनेकदा ती ज्याने विकत घेतलं होतं त्याचीच. पाद्र्याचं नाव लावणं एक आणि मालकाचं लावणं एक. लागोसच्या काकावा रस्त्यावरचं 'वॉटर हाउस' दा रोशांचं. घराण्याचा मूळ पुरुष जुआंव एसान दा रोशा. त्या तीन शब्दांत मधला 'एसान' तेवढा त्याचा स्वतःचा, आणि त्याच्या आधाराने घराणं स्वतःला इजेशा म्हणवतं. गुड फ्रायडेला या घरांत आजही फ्रेजॉन शिजतं. रात्रभर भिजवलेला घेवडा मऊ शिजवून, वाटून, नारळाच्या दुधात घोटलेला. आपल्याकडे सणाला पुरण, तसं ते. आजीचं गाव विसरलं तरी पातेलं विसरलं नाही.

सोडवलेल्या गुलामांना घरी धाडण्याचा प्रयोग आपल्या नाशकातही झाला. याच चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला पूर्व आफ्रिकेची सुटलेली मुलं ठेवली होती, आणि १८७० च्या दशकात त्यांतल्या पुष्कळांना मोंबासाजवळ फ्रीअरटाउनला नेऊन वसवलं. केनियात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात. पण ती 'परत' गेली ती खंडाला, गावाला नव्हे. योरुबांचं वेगळेपण इथेच आहे.

परत जाणं

१८३९ च्या सुमारास फ्रीटाउनमधल्या काही आकू व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून लिलावात एक जहाज विकत घेतलं. जप्त केलेलं, गुलाम वाहणारं. त्याला क्वीन व्हिक्टोरिया असं नाव दिलं आणि त्यातूनच ते लागोसच्या पश्चिमेकडच्या बादाग्री बंदराला निघाले. ज्या लाकडाच्या फळ्यांवर माणसं साखळीने बांधून झोपवायचे, त्यावर आता हे भाडं भरून बसले होते. बादाग्रीहून बरेच जण आबेओकुटाला गेले. १८३० मध्ये निर्वासित एग्बांनी ओलुमो खडकाच्या आडोशाने वसवलेलं ते शहर, जळालेल्या कितीतरी गावांचे लोक तिथे आपापल्या गावाच्या नावानेच वस्त्या करून राहत होते. गाव उठून गेलं होतं, पण गावकी जिवंत होती.

साऱोंना तिथे त्यांचे लोक सापडत गेले. कुणी बाजारात आवाजावरून, कुणी गालावरच्या चिरांवरून. आणि ज्याला खूण नाही त्याला विचारायचे ओरिकी. प्रत्येक घराण्याची एक लांब स्तुतिमाला असते, तिच्यात पूर्वजाचं मूळ ठिकाण, त्याचा धंदा, एखादी फजिती, खायला वर्ज्य काय, सगळं गुंफलेलं असतं. घरातल्या बायका ती म्हणतात. आपल्याकडच्या देवकाची आणि भाटाच्या कवनाची ती मिसळ म्हणा. मूळ गाव शोधायला या प्रकरणात मला सर्वांत भरवशाचा कागद कुठला वाटला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन, आणि तो कागदच नाही.

१८९० च्या आसपास लागोसच्या शिकलेल्या साऱोंमध्ये नावं बदलायची लाट आली. डेव्हिड ब्राउन व्हिन्सेंटचा मोजोला आगबेबी झाला. डॉक्टर अलेक्झांडर जॉन्सन विल्यम्सने तिन्ही नावं टाकून ओगुन्तोला सापारा हे नाव घेतलं. वडील इजेशा, आई एग्बा, हे त्याला माहीत होतं, म्हणून नाव घेता आलं. हर्बर्ट मेकॉले मात्र मेकॉलेच राहिला. १९२० मध्ये तो लंडनला गेला तो लागोसच्या एका सरदाराच्या जमिनीचा दावा लढवायला, आणि पुढच्या वर्षी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींसाठीच्या लंडनमधल्या सर्वोच्च न्यायासनाने, मान्य केलं की ही जमीन समाजाची आहे, सरकारला ती फुकटात घेता येणार नाही. लागोसच्या मूळ जमीनदार घराण्यांत हर्बर्टच्या चार आजी-आजोबांपैकी कुणाचीही वीतभर जमीन नव्हती. तरी दुसऱ्यांच्या मूळ हक्कासाठी तो आयुष्यभर भांडला.

आजच्या नायजेरियात हा प्रश्न आणखी रोकडा आहे. कॉलेजात प्रवेश, सरकारी नोकरी, कशालाही 'मूळ स्थानाचा दाखला' लागतो आणि तो बापाच्या गावच्या स्थानिक कचेरीतून घ्यायचा असतो. चार पिढ्या लागोसमध्ये जन्मल्या, वाढल्या, मेल्या, तरी कारकून विचारतो: ते ठीक, पण मूळचे कुठले? तिथे इकिरुन हे उत्तर असणं आणि नसणं यात फरक पडतो. कारकुनाला 'आजी सांगायची' हे चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण एकदा तेवढ्यावर चाललं होतं.

क्राउथर १८४६ च्या ऑगस्टमध्ये आबेओकुटाला पोचला. आता तो पाद्री होता, चाळिशीच्या घरात, अंगावर इंग्रजी कपडे, सोबत बायकोमुलं. त्याचा सावत्र भाऊ एका म्हातारीला घेऊन आला. २१ ऑगस्ट होता. मधल्या पंचवीस वर्षांत तीही विकली गेली होती, सुटली होती. आल्यावर दोघंही बोलू शकले नाहीत, नुसते एकमेकांकडे बघत बसले. मग तिने थरथरत त्याचा हात धरला आणि त्याला हाका मारायला लागली. ती नावं कुठल्या वहीत नव्हती, पत्रात नव्हती. त्याची आजी त्याला लाडाने ज्या नावांनी हाक मारायची, ती. आजी मधल्या काळात गुलामगिरीतच मेली होती. त्याने डायरीत लिहून ठेवलं की ती नावं मला चांगलीच आठवत होती.

या सगळ्या प्रकरणात ओशोगूनचा खरा पुरावा हा एवढाच आहे. इकिरुनच्या ओजोला असं कुणी भेटलं की नाही, ते त्याच्या नातवाच्या नाण्यावरून कळत नाही.

क्राउथरच्या त्या म्हाताऱ्या आईचं नाव अफाला. दीड वर्षाने, १८४८ मध्ये, तिने मुलाच्याच हातून बाप्तिस्मा घेतला आणि त्याने तिला नवं नाव दिलं, हॅना. बायबलमध्ये हॅना ही सॅम्युएलची आई. लंडनच्या पाद्र्यावरून पोराला मिळालेलं नाव असं उलटं चालत त्याच्या आईपर्यंत गेलं. पुढे ती फार म्हातारी होऊन, मुलाच्याच आसऱ्याला, लागोसला वारली. घरात ती त्याला अजायीच म्हणत असणार.